मालवणच्या जेटीजवळ दहा महिने जेवल्यावर

बदलीमुळे गेल्या जूनपासून या मार्चपर्यंत मी मालवणात राहत होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या जिथून सुटतात, तिथून पाच मिनिटांवर एक मोठं हॉटेल आहे. ऑफिसातून येता-जाता वाटेवर पडायचं, शिवाय घरी पाहुणे आले की त्यांना तिथेच जायचं असायचं. असं करत वीसेक वेळा तरी तिथे जेवलो. नाव लिहीत नाही, कारण किनाऱ्यावर अशी हॉटेलं बरीच आहेत. एकदाच जेवून परत जाणाऱ्याला वाटतं, आजचा दिवस वाईट असेल. मी भर पावसाळाही पाहिला आणि नाताळची गर्दीही पाहिली, म्हणून हे लिहितोय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा जून अर्धा सरला होता. बाहेर पावसाची झड, किल्ल्याच्या होड्या बंद, आणि मेनूकार्डावर सुरमई, पापलेट, हलवा, सगळी मासळी हजर. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. वेटरला विचारलं, तर म्हणाला, "ताजी आहे सर, सकाळीच आली." ताटात आलेली तुकडी कोरडी होती, दाताखाली कापसासारखी लागत होती आणि बर्फाचा वास येत होता. बर्फातली मासळी विकण्यात काहीच गैर नाही, तसं सांगितलं असतं तर मी खाल्लीही असती. त्या दोन महिन्यांत गावातल्या घरांत सुका बांगडा भाजतात, गोलम्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, किसमूर करतात, खाडीतली मासळी मिळाली तर तिचं कालवण होतं. यातलं एकही त्या कार्डावर नव्हतं. पर्यटकाला सुरमईच हवी असते असं त्यांनी धरून ठेवलंय. पण समोर सुक्या बांगड्याची चटणी ठेवलीच नाही, तर तो ती मागणार तरी कशी?

माझी सगळ्यात मोठी तक्रार रश्शाची आहे. ऑगस्टनंतर ताजी मासळी यायला लागली. संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव लागायचा, कधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसायची, आणि बांगडे, पेडवे टोपल्या भरभरून यायचे. त्या हॉटेलात मात्र बांगडा मागवा, सुरमई मागवा, कोळंबी मागवा, वाटीत रस्सा तोच. लालभडक, वर तेलाचा तवंग, कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण आणि भरपूर मिरची. ते वाटण कोंबडीला शोभतं. बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे तिखट कालवणाला, तिरफळ लागतं. हे मिरीसारखं दिसणारं, उग्र वासाचं मसाल्याचं फळ, आणि तेच नसेल तर बांगडा निव्वळ उग्र लागतो. माझ्या घरमालकीण काकूंनी मला हे तव्याजवळ उभं करून शिकवलं. "तिरफळा चेचून घाल, वाटू नको," असं बजावून त्यांनी आतल्या काळ्या बिया काढून टाकायला लावल्या. त्यांच्या तिखल्यात वाटीभर ओलं खोबरं, चार आमसुलं, मिरची, हळद आणि ती तिरफळं, एवढंच. तांदळाच्या भाकरीबरोबर ते खाल्लं आणि हॉटेलच्या रश्शाचा मला पहिल्यांदाच खरा राग आला. हॉटेलपासून त्यांचं घर चालत दहा मिनिटांवर आहे.

सोलकढीचंही तेच. कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध यांची कढी फिकट गुलाबी दिसते, आणि थोडा वेळ ठेवली की दूध वर येतं. इथली गडद गुलाबी, पाण्यासारखी, तासभर तशीच. पोळ्या-भाकऱ्या कशा होत्या ते सांगण्याइतकं त्यात काही नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कराडहून आई, दादा-वहिनी आणि मुलं आली. पाऊण तास उभे राहिल्यावर टेबल मिळालं. कार्डावर पापलेटपुढे 'साइजप्रमाणे' एवढंच छापलेलं, त्यामुळे दादाने दर विचारला. "मध्यमच आणतो सर," म्हणत वेटर निघूनही गेला. कच्चा मासा कुणी दाखवला नाही, दर कुणी सांगितला नाही. बिलात दोन पापलेटांचे १८०० रुपये लागले, आणि खाली पेनाने लिहिलेला ५ टक्के टॅक्स. त्या कागदावर जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता. नोंदणी नसेल तर ग्राहकाकडून कर घेता येत नाही. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असतील तरी तो वेगळा लावता येत नाही. मी हे काउंटरवर शांतपणे सांगितलं. टॅक्सची रक्कम लगेच काढली गेली, पण मालक म्हणाले, "सीझनात असाच चलता." मागच्या रांगेत पंधरा-वीस माणसं बिल हातात घेऊन उभी होती. त्यांच्या बिलांवर तो टॅक्स तसाच होता.

आईने भात दह्याशी कालवून खाल्ला. ती तोवर कधी मालवणला आली नव्हती. रात्री म्हणाली, "इथलं जेवण म्हणजे तिखटच, नाही का रे?" मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी तिला उकड्या तांदळाची पेज आणि मुडदुशी या मासळीची आमटी वाढली, तेव्हा ती दोनदा मागून जेवली.

चांगलंही सांगायला हवं. स्वच्छतागृहं नीट होती, म्हाताऱ्या माणसांसाठी ही मोठी सोय आहे. वाढणारी पोरं राबराब राबायची, गर्दीतही कुणावर खेकसायची नाहीत. जुलैत गिऱ्हाईक कमी असताना स्वयंपाकघरात गावातल्याच एक बाई होत्या, त्यांच्या हातचे कोंबडी-वडे खरोखर चांगले होते. वड्यात धणे-मेथीचा वास होता. ऑक्टोबरपासून त्या दिसल्या नाहीत, आणि वड्यांच्या जागी मैद्याच्या पुऱ्या आल्या. म्हणजे हॉटेलवाल्यांना जमत होतं, तरी त्यांनी ते सोडून दिलं.

पाचपैकी दोन गुण देतो, तेही पोरांसाठी आणि त्या जुलैसाठी. तिथे गेलातच, तर कच्चा मासा बघून आणि दर ठरवूनच ऑर्डर द्या. आज किनाऱ्यावर काय आलंय ते विचारा, आणि बांगडे आले असतील तर तिरफळ घालून मिळतील का तेही विचारा. मार्चमध्ये शेवटचं जेवायला गेलो तेव्हा मी विचारलं होतं. वेटर नवीन होता. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "सर, तिरफळ म्हणजे काय, असं आतून विचारतायत."