जलरंगातली बुलेट : एका ऑनलाइन वर्गाचे परीक्षण
जलरंगात मोटरसायकल रंगवायला शिकवणाऱ्या या व्हिडिओ-वर्गाने चित्रविषय म्हणून काळी रॉयल एनफिल्ड बुलेट ३५० निवडली आहे. काळी टाकी, क्रोमची चकाकी आणि तारांची चाके या जलरंगात सर्वांत अवघड जाणाऱ्या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र आल्यामुळे निवड योग्यच म्हणावी लागेल.

रेखाटनाचा भाग मात्र उरकून टाकला आहे. छायाचित्र ट्रेस करून घ्या, एवढे सांगून शिक्षक पुढे जातात. तिरक्या कोनातून चाक लंबवर्तुळाकार दिसते आणि त्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष चाकाच्या आसाच्या दिशेने यावा लागतो, हे समजावायला फार वेळ लागला नसता. ते चुकले, तर पुढे रंग कितीही सुरेख लागला तरी गाडी अपघातातून उचलून आणल्यासारखी दिसते.

चाकांच्या तारा मास्किंग फ्लुइडने, म्हणजे वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने, झाकून घेण्याची पद्धत, कुंचला आधी साबणात बुडवण्याच्या सूचनेसह, नीट दाखवली आहे; पण ते हेअर ड्रायरने वाळवण्याचा सल्ला पटत नाही, कारण उष्णतेने ते कागदाला घट्ट चिकटते आणि काढताना कागदाचा पापुद्रा निघू शकतो. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) शुद्ध सुती कागदच घ्या, हा आग्रह खर्चिक असला तरी रास्त आहे.

वर्गाची खरी किंमत वसूल होते ती क्रोमच्या धड्यात. क्रोमला स्वतःचा रंग नसतो, तो आजूबाजूचे रंग परत करतो, हे शिक्षक सायलेन्सरवर दाखवतात: वर आकाशाची फिकट निळी पट्टी, खाली जमिनीचा मातकट तपकिरी, दोन्हींच्या मध्ये क्षितिजाची जवळजवळ काळी, कडा तीक्ष्ण असलेली रेघ, आणि तिला लागून कोरा ठेवलेला कागद. ही कोरी जागा राखण्याचा धीर धरता आला, तर पांढऱ्या रंगाची गरजच पडत नाही.

काळ्यासाठी ट्यूबमधला काळा न वापरता अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे मिश्रण थरांवर थर देऊन, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा लावून, चढवले आहे. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जो दाणेदारपणा येतो, तो इंजिनच्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमला शोभतो, पण गुळगुळीत टाकीला नाही. तेथे थॅलो ब्ल्यू हा निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी अधिक सफाईने बसले असते, अर्थात थॅलोचा डाग नंतर सहजी उचलता येत नाही, हे ध्यानात ठेवून.

टाकीवरच्या ज्या सोनेरी रेघा चेन्नईच्या कारखान्यात कारागीर हाताने ओढत आले आहेत, त्या शेवटी पिवळ्या ग्वाशने (अपारदर्शक जलरंगाने), लांब केसांच्या रिगर ब्रशने, मनगट न टेकवता एका दमात ओढायच्या आहेत. आधी रद्दी कागदावर सराव करा, असे शिक्षक सांगत नाहीत, तो करावा.