टॅम्पा की सेंट लुइस? आईस हॉकीचा एकच हंगाम पाहायचा असेल तर

आईस हॉकीची ओळख करून घ्यावी असे ज्याला वाटते, त्याने सुटे सामने पाहण्याऐवजी एखाद्या व्यावसायिक संघाचा एक संपूर्ण हंगाम क्रमाने पाहावा, असे माझे मत आहे. सुट्या सामन्यात पकचा, म्हणजे त्या काळ्या रबरी चकतीचा, माग ठेवतानाच नवख्याचे डोळे दमून जातात. एकाच संघाबरोबर राहिले, तर दहाव्या-बाराव्या सामन्यापासून खेळाडू पाठीवरचा क्रमांक न पाहताही ओळखू येऊ लागतात आणि मग खेळ दिसू लागतो. प्रश्न उरतो तो कोणता हंगाम निवडावा हा. नॅशनल हॉकी लीगच्या, अर्थात एनएचएलच्या, 2018-19 च्या हंगामातील दोन संघ या कामी मला सर्वांत योग्य वाटतात: फ्लॉरिडातील टॅम्पा बे लाइटनिंग आणि मिझुरीतील सेंट लुइस ब्लूज. टॅम्पाने साखळीत विजयांच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि बाद फेरीत एकही सामना जिंकला नाही. सेंट लुइस जानेवारीच्या आरंभी गुणतालिकेच्या तळाशी होता आणि जूनमध्ये लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ले चषक त्याच्या हाती होता. शेवट आधीच सांगून टाकला याबद्दल कोणी रागावू नये. कीर्तनाला बसणाऱ्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असतोच, म्हणून तो उठून जात नाही.

तुलनेआधी स्पर्धेची रचना थोडक्यात सांगतो. त्या हंगामात लीगमध्ये 31 संघ होते आणि प्रत्येकाला साखळीत 82 सामने खेळायचे होते. विजयाला 2 गुण, आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकासमोर जाऊन गोलाचा प्रयत्न करणे) झालेल्या पराभवाला 1 गुण मिळतो. साखळीतून 16 संघ पुढे जातात आणि तेथून प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकणारा संघ टिकतो. चषकासाठी अशा चार फेऱ्या, म्हणजे एकूण 16 विजय लागतात. एक फरक मात्र नीट लक्षात ठेवावा. साखळीत जादा वेळ पाच मिनिटांचा असतो, दोन्ही बाजूंना तीन-तीनच खेळाडू असतात, आणि तरीही निकाल लागला नाही तर शूटआउट होतो. बाद फेरीत शूटआउट नाही; पाच-पाच खेळाडूंनिशी वीस-वीस मिनिटांची सत्रे पहिला गोल होईपर्यंत चालू राहतात, मग मध्यरात्र उलटली तरी हरकत नाही.

टॅम्पाकडे पाहताना आधी आकडे डोळ्यांत भरतात. 62 विजय, 16 पराभव, जादा वेळेतील किंवा शूटआउटमधील 4 पराभव, एकूण 128 गुण. 62 विजयांचा विक्रम डेट्रॉइटने 1995-96 मध्ये केला होता आणि टॅम्पाने त्याची बरोबरी केली. पुढे 2022-23 मध्ये बोस्टनने 65 विजय मिळवून तो मोडला. निकिता कुचेरोव्हने 41 गोल आणि 87 साहाय्यांसह (खेळाडूला या दोहोंसाठी प्रत्येकी एक गुण) एकट्याने 128 गुण नोंदवले, म्हणजे संघाचे गुण आणि त्याचे वैयक्तिक गुण योगायोगाने सारखेच झाले. कर्णधार स्टीव्हन स्टॅमकॉसचे 45 गोल, ब्रेडन पॉइंटचे 41, आणि वर्षातील सर्वोत्तम गोलरक्षकाला मिळणारी व्हेझिना ट्रॉफी आंद्रेई वासिलेव्हस्कीकडे. एका संघात इतके सारे जमून येणे विरळाच.

पण नवख्याने आकड्यांसाठी नव्हे, तर टॅम्पाचा पॉवर प्ले पाहण्यासाठी हा हंगाम निवडावा. प्रतिस्पर्ध्याचा एखादा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसला की दोन मिनिटे पाचास चार असा खेळ होतो, तोच पॉवर प्ले. टॅम्पाची मांडणी अशी असे: बचावपटू व्हिक्टर हेडमन मागे मध्यभागी, कुचेरोव्ह बर्फावर आखलेल्या उजव्या वर्तुळाजवळ, स्टॅमकॉस डाव्या वर्तुळात काठी उचलून तयार, पॉइंट या सगळ्यांच्या मधोमध आणि एक दांडगा खेळाडू गोलरक्षकाची दृष्टी अडवायला थेट त्याच्यासमोर. कुचेरोव्ह पक घेऊन क्षणभर काहीच करत नाही. चारही बचाव करणारे स्टॅमकॉसचा फटका अडवायला डावीकडे झुकतात आणि पक मधल्या पॉइंटकडे जातो. पुढच्या वेळी ते मध्यभागी दाटी करतात आणि पक स्टॅमकॉसकडे जातो. सगळ्यांना सगळे ठाऊक असूनही थांबवता येत नाही. संघाच्या दर चार संधींमागे एकीपेक्षा अधिक संधी गोलात रूपांतरित होत असत आणि लीगमध्ये त्याबाबतीत टॅम्पा अव्वल होता. दहा सामन्यांचे हे तुकडे पाहिले, तरी मोकळी जागा कशी निर्माण केली जाते हे जितके समजते तितके कोणत्याही पुस्तकी स्पष्टीकरणाने समजणार नाही.

या हंगामाची उणी बाजू अशी की तो फार सुरळीत आहे. साखळीतील सर्वोत्तम संघाला मिळणारी प्रेसिडेंट्स ट्रॉफी टॅम्पाने मार्चमध्येच निश्चित केली. अखेरीस दुसऱ्या क्रमांकावरच्या संघांपेक्षा 21 गुण अधिक. फेब्रुवारी-मार्चमधील कित्येक सामन्यांत पणाला काहीही लागलेले नाही आणि ते पाहणाऱ्यालाही जाणवते. मला स्वतःला ते पंचवीस-तीस सामने सलग पाहणे जड गेले.

त्यानंतरचे सहा दिवस मात्र विसरता येत नाहीत. 10 एप्रिल 2019 रोजी घरच्या बर्फावर, 98 गुणांसह कसाबसा आत आलेल्या कोलंबस ब्लू जॅकेट्सविरुद्ध, पहिल्या सत्राअखेर टॅम्पा 3-0 ने पुढे होता. तो सामना कोलंबसने 4-3 असा जिंकला. दुसरा 5-1, त्याच सामन्यात वैतागलेल्या कुचेरोव्हने प्रतिस्पर्ध्याला धोकादायकरीत्या मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळले आणि त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली. तिसरा 3-1, चौथा 7-3, आणि 16 एप्रिलला सारे संपले. साखळीतील अव्वल संघ पहिल्याच फेरीत एकही विजय न मिळवता बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ होती. कोलंबसच्या दृष्टीने मात्र तो बाद फेरीतील आपला पहिलाच मालिका-विजय होता. त्यांचे प्रशिक्षक जॉन टॉर्टोरेला यांनीच 2004 मध्ये टॅम्पाला पहिला चषक मिळवून दिला होता.

सेंट लुइसची उलटी वाट

सेंट लुइसचा हंगाम आरंभापासून पाहू लागल्यास पहिले तीन महिने कंटाळा येतो, हे आधीच सांगून ठेवतो. 19 नोव्हेंबर 2018 रोजी प्रशिक्षक माइक यो यांना काढण्यात आले आणि क्रेग बेरूबी यांना तात्पुरते प्रशिक्षक म्हणून नेमले. नवा प्रशिक्षक आल्याने लगेच काही पालटले नाही. डिसेंबरमध्ये सरावाच्या वेळी रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड या दोन सहकाऱ्यांत हातमोजे काढून मारामारी झाली. 3 जानेवारी 2019 च्या सकाळी संघ 37 सामन्यांत 34 गुणांसह 31 संघांत शेवटचा होता.

7 जानेवारीला फिलाडेल्फियात जॉर्डन बिनिंग्टन या गोलरक्षकाला एनएचएलमध्ये पहिल्यांदाच आरंभापासून खेळण्याची संधी मिळाली. हंगामाच्या सुरुवातीला तो संघाच्या गोलरक्षकांच्या क्रमवारीत चौथा होता. तो सामना त्याने एकही गोल न देता 3-0 असा जिंकून दिला आणि पुढे साखळीत त्याची कामगिरी 24 विजय व 5 पराभव अशी राहिली. जानेवारीच्या उत्तरार्धापासून संघाने सलग 11 सामने जिंकले. तळाला पोहोचल्यानंतरच्या 45 सामन्यांत 30 विजय मिळवून सेंट लुइसने साखळी 99 गुणांवर संपवली. याचे सारे श्रेय गोलरक्षकाला देण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. बेरूबी यांनी खेळ सोपा केला होता: पक प्रतिस्पर्ध्याच्या गोलामागच्या कोपऱ्यात टाकायचा, मागोमाग दोघांनी जाऊन फळीपाशी अंग लावून तो परत मिळवायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे. रायन ओ’रायली हा त्यातला खरा कामकरी खेळाडू. दिसायला हे देखणे नाही. मुंबईच्या जुन्या खडूस फलंदाजीची ज्यांना गोडी आहे, त्यांना त्यातली खुमारी ओळखू येईल.

दोन्ही संघ शेजारी ठेवल्यावर ज्या आकड्यापाशी मी थबकलो तो असा: 82 सामन्यांत टॅम्पावर 222 गोल झाले आणि सेंट लुइसवर 223. बचावात फरक जवळजवळ नाहीच. फरक केलेल्या गोलांचा आहे: टॅम्पाचे 325, सेंट लुइसचे 247. आता बाद फेरीत काय होते ते पाहावे. तीन-तीन खेळाडूंचा मोकळा जादा वेळ आणि शूटआउट निघून जातो, एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन आठवडे गाठ पडते, तो तुमच्या प्रत्येक ठरावीक चालीचा अभ्यास करून येतो. म्हणजे गोल मिळवण्याची जी श्रीमंती होती तीच प्रथम आटते. टॅम्पाने चार सामन्यांत मिळून केवळ 8 गोल केले. सेंट लुइसला मात्र कमी गोलांत संसार करण्याची सवय जानेवारीपासूनच लागलेली होती. हे एकमेव कारण आहे असे मी म्हणणार नाही, कारण हेडमन शेवटचे दोन सामने खेळूच शकला नाही आणि कोलंबसचा गोलरक्षक सर्गेई बोब्रोव्हस्की उत्तम खेळला. पण दोन्ही हंगाम पाहणाऱ्याला हे उघड दिसते.

सेंट लुइसचे बाद फेरीतील 26 सामने हा या तुलनेतला सर्वांत समृद्ध भाग होय. डॅलसविरुद्धचा सातवा सामना दुसऱ्या जादा सत्रापर्यंत लांबला. समोरचा गोलरक्षक बेन बिशप, ज्याचे बालपण सेंट लुइसमध्येच गेले, त्याने त्या रात्री 52 फटके अडवले, आणि अखेर खांबाला लागून त्याच्या पाठीमागे पडलेला पक पॅट मरूनने आत ढकलला. मरूनही सेंट लुइसचाच. पुढच्या फेरीत सॅन होजेविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात विजयी गोलाआधी पक हाताने सरकवलेला पंचांच्या नजरेतून सुटला आणि सेंट लुइस हरला. मग उरलेले तिन्ही सामने जिंकताना या संघाने केवळ 2 गोल होऊ दिले. बोस्टनविरुद्धच्या अंतिम फेरीत कार्ल गुनारसनचा फटका दुसऱ्या सामन्यात खांबाला लागला होता. मध्यंतरात स्वच्छतागृहात शेजारी उभ्या असलेल्या बेरूबी यांना तो म्हणाला की आपल्याला आणखी एक संधी हवी आहे, आणि जादा वेळेत त्याने गोल केला. 1967 पासून खेळणाऱ्या या संघाने अंतिम फेरीतील आधीचे 13 सामने गमावले होते. हा त्यांचा तेथला पहिला विजय.

12 जूनचा सातवा सामना आपल्याकडे 13 जूनच्या पहाटे साडेपाचला सुरू झाला. तो कोणत्याही परिस्थितीत पूर्ण पाहावा. पहिल्या सत्रात बोस्टनने 12 फटके मारले, सेंट लुइसने 4. तरी पुढे सेंट लुइस, 2-0 ने. दुसरा गोल सत्राला 8 सेकंद उरलेले असताना झाला: बोस्टनचा ब्रॅड मार्शंड खेळाडू बदलण्यासाठी बाकाकडे वळला आणि त्याने सोडलेल्या जागेतून कर्णधार अॅलेक्स पिएट्रँजेलो सरळ गोलापाशी आला. सामना 4-1 असा संपला. त्यातला चौथा गोल करणारा खेळाडू झॅक सॅनफर्ड, तोच, डिसेंबरच्या सरावातला.

मग निवड कशी करावी

ज्याला खेळाची तंत्रे समजून घ्यायची आहेत आणि हाताशी पूर्ण हिवाळा आहे, त्याने टॅम्पा निवडावा; ऑक्टोबर ते जानेवारीचे सामने क्रमाने, मार्चचे वगळून, आणि एप्रिलचे चारही न चुकता. फुटबॉल किंवा क्रिकेट पाहून ज्याला गुणतालिकेतील चढउतारांची गोडी लागली आहे, त्याने सेंट लुइस निवडावा, मात्र 7 जानेवारीपासूनच सुरुवात करावी. त्यापुढे सुमारे सत्तर सामने होतात आणि त्यांतील फार थोडे निरर्थक आहेत. लहान मुलांसह पाहणार असाल तर टॅम्पाच बरा, कारण गोल भरपूर होतात. माझ्यापुरते विचाराल तर मी सेंट लुइस सुचवेन, आणि तेही या एका कारणासाठी की तेथे कोपऱ्यातली झटापट पाहायला डोळे तयार होतात. नंतर टॅम्पाचा पॉवर प्ले कोणीही न शिकवता कळतो, याउलट क्रम घेतल्यास फळीपाशी चाललेले काम नुसता गोंधळ वाटत राहते.

सेंट लुइसनंतर टॅम्पाकडे वळायचे झाल्यास दुवा तयारच आहे. पहिल्या फेरीतल्या नामुष्कीनंतरही टॅम्पाने प्रशिक्षक जॉन कूपर यांना ठेवले, मोठे खेळाडू विकले नाहीत, पण संघात अंगाने भरभक्कम, कोपऱ्यात झगडणारी माणसे आणली. ऑगस्ट 2019 मध्ये त्यांनी ज्याच्याशी करार केला तो पॅट मरून होता, आणि 2020 व 2021 असे दोन्ही वर्षी टॅम्पाने जिंकलेले चषक त्याने उचलले.