चाळीस प्याल्यांची थाळी: प्रभुभोजनाचा स्टील सेट सेवकाच्या हातात कसा बसतो

प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा ख्रिस्ती विधी. त्याचा सेट विकत घेताना मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेक वेळा त्याची चकाकी बघितली जाते. मेजावर कसा शोभेल, झाकणावरचा क्रूस केवढा आहे, देणगीदाराचं नाव कुठे कोरता येईल, यावर चर्चा होते. तो सेट हातात घेऊन रांगेरांगेतून फिरणाऱ्या सेवकाला मात्र फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हे परीक्षण त्याच्या बाजूने. कुठल्या एका कंपनीचं हे परीक्षण नाही. आज सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या घडणीचं आहे: ४० भोकांच्या तीन स्टीलच्या थाळ्या, एक बैठक, एक झाकण, भाकरीच्या दोन ताटल्या, आणि सोबत किंवा वेगळी मिळणारी घरभेटीची छोटी पेटी. पाळकाच्या हातून थाळी घेऊन सेवक म्हणजे डीकन ती मंडळीत फिरवतात, अशा मंडळ्यांसाठीच ही घडण आहे. कॅथलिक किंवा जुन्या अँग्लिकन परंपरेत लोक पुढे येतात, पेला एकच असतो आणि डीकन हा दीक्षा घेतलेला धर्मसेवक असतो. त्यांना हा सेट लागत नाही.

सेवकाची बाजू इतकी महत्त्वाची का, हे आपल्या शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर होते आणि त्यावर सात जण निवडले जातात. तिथला ‘पंक्तिसेवा’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पंगतीत वाढपी चांगला कोणता? ज्याच्या हातून शेवटच्या पानावरही पहिल्या पानाइतकंच पडतं तो. सेवकाचं पाचारण तेच आहे, आणि सेटची पारखही त्याच मापाने करायला हवी.

आधी थाळी. ४० भोकांची थाळी साधारण फूटभर व्यासाची असते. काचेचे प्याले आणि रस भरला की वजन दोन किलोच्या घरात जातं. प्लास्टिकच्या प्याल्यांनी तीच थाळी बरीच हलकी होते. एकदा उचलायला दोन किलो म्हणजे काहीच नाही, पण वाकून, हात लांब करून, बारा-पंधरा रांगांना धरायचं तर मनगट बोलायला लागतं. म्हणून सगळ्यात आधी थाळीची कड बघावी. कड बाहेरच्या बाजूला मुडपलेली आणि बोटाचं पेर खाली अडकेल इतकी रुंद हवी. स्वस्त सेटमध्ये कड सरळ उभी असते. ती दिसायला नेटकी, पण घामेजलेल्या हातातून सटकते. मुडपलेल्या कडेच्या आतून बोट फिरवून बघा. पत्र्याची धार लागली तर तो सेट परत करा, कारण थाळी हातोहात जाते आणि त्यात म्हाताऱ्या माणसांचेही हात असतात.

आता भोक आणि प्याला यांचं जमणं. सर्वाधिक तक्रारी इथेच येतात. थाळी एका दुकानातून आणि प्याले दुसऱ्याकडून घेतले की मिलिमीटरभर फरक पडतोच. भोक मोठं असेल तर प्याला खाली जाऊन तळाच्या पत्र्यावर बसतो, काठ जेमतेम वर राहतो आणि दोन बोटांत धरता येत नाही. भोक घट्ट असेल तर प्याला ओढताना थाळीला झटका बसतो आणि शेजारचे चार प्याले हिंदकळतात. दुकानात एकच प्याला घालून बघणं पुरेसं नाही. बाहेरच्या कडीतली आठ-दहा भोकं आणि मधली चार, एवढी तरी तपासा. साचा झिजलेला असला की मधली भोकं वेगळी निघतात. प्याला स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे आणि अंगठा व तर्जनीने सहज निघाला पाहिजे.

स्टीलबद्दल दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात: ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल.’ ही कसोटी अपुरी आहे. ३०४ जातीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण हलक्या २०२ जातीलाही तो जवळजवळ चिकटत नाहीच. फरक दिसायला लागतो तो पुढे, भोकांच्या कापलेल्या कडांवर तांबूस ठिपके पडतात तेव्हा. कोकणपट्टीच्या खारट दमट हवेत ते लवकर पडतात. बिलावर ‘३०४’ लिहून घ्या. नुसतं ‘स्टेनलेस’ लिहून देणाऱ्याकडून घेऊ नका. ॲल्युमिनियमचा सेट हलका आणि फिरवायला सोपा, पण तो ॲनोडाइज केलेला, म्हणजे वर संरक्षक थर चढवलेला असेल तरच घ्यावा. साध्या ॲल्युमिनियमवर द्राक्षरसातल्या आम्लाचे डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत.

एकावर एक थाळ्या रचण्याची सोय या घडणीची खरी जमेची बाजू आहे. खालच्या थाळीच्या कडेवर वरची थाळी खाचेत बसते आणि तीन थाळ्यांमध्ये १२० प्याले एका छोट्या मेजावर मावतात. मात्र दोन थाळ्यांमधलं अंतर कमी ठेवलेलं असतं. प्याले काठोकाठ भरले की वरच्या थाळीचा तळ रसाला टेकतो आणि थाळी उचलताना खाली थेंब ओघळतात. पांढऱ्या चादरीवर पडलेला काळ्या द्राक्षांचा डाग पुढच्या महिन्यातही दिसतो. प्याला दोन तृतीयांशच भरावा, म्हणजे सुमारे ७ मिली. त्या हिशेबाने एका थाळीला २८० मिली आणि तीन थाळ्यांना ८४० मिली रस लागतो. सांडलवंड धरून लिटरभर ठेवा. प्याले मोजताना अपेक्षित संख्येवर दहा टक्के जास्त धरावे. एखाद्या भावा-बहिणीसमोर रिकामी थाळी यावी आणि सेवकाला मागे पळावं लागावं, याच्याइतकं वाईट त्या शांत वेळेत दुसरं काही नाही.

झाकणावरचा क्रूस बहुतेक सेटमध्ये एका स्क्रूवर बसवलेला असतो. झाकण त्या क्रूसालाच धरून उचललं जातं, त्यामुळे वर्षभरात तो सैल होतो. आतल्या बाजूचं नट तपासत राहा, नाहीतर ऐन उपासनेत ते प्याल्यात पडेल. टाक्याने जोडलेला क्रूस मिळाला तर जास्त पैसे देऊन तोच घ्या.

सेटसोबत येणारी भरायची बाटली कामाची नाही. तिची नळी बारीक असते, आणि घरी काढलेल्या द्राक्षरसात कितीही गाळला तरी गाळ राहतो. रस फ्रिजमध्ये ठेवला की टार्टारचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे, बारीक खडे तळाला बसतात, ते नळीत अडकतात. मग बाटली जोरात दाबली की एकदम चिळकांडी उडते. औषधाच्या दुकानात मिळणारी, सुई नसलेली ५० मिलीची सिरिंज यापेक्षा कितीतरी बरी. एका भरण्यात सात प्याले, प्रत्येकात सारखा रस, आणि बाहेर एक थेंब नाही. ती याच कामासाठी राखून ठेवावी आणि दांड्याचं रबर कडक झालं की बदलावी. रस दुहेरी मलमलीतून गाळावा, बाटली रात्रभर हलवू नये आणि तळाचे दोन बोटं सोडून वरचा रस घ्यावा.

प्याले शनिवारी रात्री भरून ठेवण्याची सवय मोडायला हवी. उन्हाळ्यात उघडा रस रात्रभरात आंबायला लागतो, मुंग्या येतात आणि झाकणाला आतून दव सुटतं. रविवारी उपासनेच्या तासभर आधी दोन सेवक बसले तर १२० प्याले आरामात भरून होतात. तसाही न आंबलेला द्राक्षरस टिकवायची पद्धत प्रभुभोजनासाठीच रूढ झाली. १८६९ साली अमेरिकेतल्या व्हाइनलँड गावी टॉमस वेल्च या मेथोडिस्ट पंथाच्या दंतवैद्याने रस बाटलीबंद करून तापवला आणि आंबणं थांबवलं. घरच्या रसालाही तोच नियम: तापवलेला, बाटलीबंद, आणि उघडल्यावर लगेच वापरलेला.

भाकरीच्या ताटल्यांबद्दल थोडक्यात. काठ उंच हवा, तळ सपाट हवा. काही ताटल्यांच्या तळाला मखमलीचा गोल तुकडा चिकटवलेला असतो, त्यात चुरा अडकून बुरशी येते, तो काढून टाकावा. ब्रेड वापरत असाल तर कडा काढून एका स्लाइसचे २० ते २५ तुकडे होतात. सकाळीच कापा आणि किंचित ओलसर मलमलीखाली ठेवा. बिनखमिराची पोळी असेल तर ती जाड लाटा, पातळ पोळीचा चुरा सतरंजीवर पडतो.

सतरंजीचा विषय आलाच आहे, तर या सेटमधली सगळ्यात मोठी उणीव सांगतो. ही घडण बाकांसाठी आहे. बाकाच्या पाठीला रिकामा प्याला ठेवायची भोकं असतात, थाळी छातीच्या उंचीवरून जाते आणि सेवक दोन टोकांना उभे राहतात. खेड्यातल्या आपल्या कितीतरी मंडळ्यांत लोक खाली बसतात, एका बाजूला पुरुष, एका बाजूला स्त्रिया. तिथे थाळी मांडीच्या उंचीवरून जाते. पुढे झुकणाऱ्या बाईचा पदर थेट प्याल्यांवर येतो आणि कडेचे दोन-तीन प्याले त्यात अडकून आडवे होतात. उपाय असा: सेवकाने किंवा सेविकेने एक गुडघा टेकून बसावं, थाळी स्वतःच धरावी, हातोहात देऊ नये, आणि समोरच्या व्यक्तीच्या जवळची कड थाळी फिरवून भरलेली ठेवावी. म्हणजे कुणाला वाकून मधला प्याला घ्यावा लागत नाही आणि एकाच बाजूचे प्याले संपून थाळी कलंडतही नाही. कंप असलेल्या हातांना प्याला आपण काढून द्यावा. स्त्रियांच्या बाजूला सेविका असावी, हे सोयीचंही आहे आणि जुनंही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल फीबी नावाच्या स्त्रीला मंडळीची सेविकाच म्हणतो. रिकामे प्याले गोळा करायला रिकामी थाळी वापरू नका, काचेचा किणकिणाट प्रार्थनेत घुमतो. कापड अंथरलेली वेताची टोपली घ्या.

काच की प्लास्टिक? धुवायला माणसं असतील तर काच. उपासना संपली की लगेच कोमट पाण्यात टाका, कारण साखरेचा थर वाळला की प्याल्याच्या तळातून निघत नाही आणि तिथे बोट पोचत नाही. बारीक ब्रश लागतो. प्रत्येक प्याल्याच्या काठावरून बोट फिरवा, कपचा उडालेला असेल तर तो प्याला बाद. प्लास्टिकचे प्याले एकदाच वापरायचे असतात. ते धुवून पुन्हा वापरले की धुरकट होतात, गरम पाण्याने वाकतात आणि भोकात बसेनासे होतात. थाळ्यांना ब्लीच लावू नका, त्याने चांगल्या स्टीललाही टोचे पडतात. धुतल्यावर भोकांच्या कडा आणि तळाचा दुहेरी पत्रा फडक्याने कोरडा करा. गंज तिथूनच सुरू होतो.

आणि आता ती छोटी पेटी. दुकानात ती सेटची पुरवणी म्हणून मिळते. सेवकाच्या दृष्टीने मात्र मुख्य वस्तू तीच आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्याला, सुमारे १५५ साली, रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात सेवक हजर असलेल्यांना भाकर आणि द्राक्षारस वाटतात आणि जे हजर नाहीत त्यांच्याकडे घेऊन जातात, असं स्पष्ट आहे. अंथरुणाला खिळलेली आजी, डायलिसिसवर असलेला भाऊ, बाळंतीण: त्यांची पंगत घरी असते. पाळक सोबत असोत, किंवा मंडळीच्या नियमाप्रमाणे सेवकच मेजावरचा वाटा नेत असोत, पेटी सेवकाच्याच हातात असते.

इथे बाजारातला माल निराश करतो. पेटीत चार किंवा सहा प्याले, रसाची बाटली आणि भाकरीची डबी असते. बाटलीच्या झाकणात सिलिकॉनची चकती नसते. मोटारसायकलच्या डिकीत दहा मिनिटं हादरली की रस आतल्या स्पंजमध्ये उतरतो, स्पंज आंबतो, आणि पुढच्या वेळी पेटी उघडताच आजारी माणसाच्या नाकाशी तो वास येतो. स्पंज काढून टाका आणि धुता येईल असं सुती कापड घाला. बाटली बदलून औषधाची ५० मिलीची, घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बाटली घ्या. नेण्याआधी पाणी भरून ती उलटी धरून बघा. भाकरीची डबी उथळ असते, तिचं झाकण घट्ट बसलं की घामेजल्या बोटांनी उघडत नाही. छोटी कुंकवाच्या डबीसारखी फिरकीची डबी बरी.

कुठल्याही पेटीत चमचा नसतो. पाठीवर पडलेल्या माणसाला प्याल्याने पाजलं की रस गालावरून उशीवर ओघळतो किंवा ठसका लागतो. स्टीलचा बाळाचा चमचा ठेवा. उशी थोडी उंच करा, भाकरीचा कण रसात भिजवून मऊ करा आणि अर्धा चमचाच द्या. गिळणं फारच अवघड असेल तर आधी घरच्यांना विचारा, नळी लावलेली असेल तर तोंडाने काहीही देऊ नका, फक्त प्रार्थना करा. चमच्याबरोबर एक हातरुमाल, एक छोटं पांढरं कापड आणि खिशातला नवा करार. एवढं त्या पेटीत मावेल का, हे घेतानाच बघा. बऱ्याच पेट्यांत मावत नाही.

कोविडच्या काळात पसरलेले तयार सीलबंद प्याले, वर पापडी आणि खाली रस, हे रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर उपयोगी पडतात, कारण तिथे बाहेरचं भांडं नेऊ देत नाहीत. पण त्यांचे दोन पातळ पापुद्रे म्हाताऱ्या बोटांनी सुटत नाहीत. सेवकाने आधी कोपरा सोडवून द्यावा.

शेवटी खरेदीचा हिशेब. १००-१२० जणांच्या मंडळीने तीन थाळ्यांचा पूर्ण सेट घेण्यापेक्षा दोन चांगल्या थाळ्या घ्याव्यात आणि दोन फेऱ्या कराव्यात. वाचलेल्या पैशात घरभेटीच्या दोन पेट्या येतात. एक पेटी असली की ती मेजाखालच्या कपाटात कुलपात राहते आणि किल्ली भलत्याकडे असते. दोन असल्या की एक सेवकाच्या घरी आणि एक सेविकेच्या घरी ठेवता येते. बुधवारी रात्री कुणाच्या घरून बोलावणं आलं, तर बाटली, डबी आणि चमचा तिथेच तयार असतात.