‘गुगलवर पहिला नंबर’ म्हणाला आणि २८,७४० रुपये घेऊन गेला

गेल्या मे महिन्यात माझे २८,७४० रुपये गेले. आकडा पूर्ण लिहितोय, कारण घरी दोन महिने मी ‘पाच-सहा हजार गेले’ एवढंच सांगत होतो.

सांगलीत माझं शिलाई मशीन विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. गुगलवर दुकानाची जी नोंद असते, त्या गुगल प्रोफाइलबरोबर मिळणारी फुकटची वेबसाइट गुगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली. भाच्यानं नवी साइट करून दिली, पण शोधात ती कुठेच दिसेना. तशात ‘गुगलवर पहिला नंबर’ आणून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीचा फोन आला, “काका, तुमची जुनी साइट बंद झालीय ना?” फोनवाल्याला हे ठाऊक होतं म्हणून माझा विश्वास बसला. त्या साइट सगळ्यांच्याच बंद झाल्या होत्या, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. जूनचा गणवेशाचा हंगाम तोंडावर, तीन मशीन उघडी पडलेली, हात ग्रीसनं भरलेले. अशा वेळी कोण चौकशी करत बसणार?

दोन दिवसांनी त्या कंपनीचा पोरगा दुकानात आला. तिथेच मला कळायला हवं होतं. माझ्याच काउंटरला टेकून त्यानं माझ्या दुकानाचं पूर्ण नाव मोबाइलवर टाइप केलं, एकेक अक्षर, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणाला, “बघा, पहिला नंबर.” अरे, दुकानाचं नाव टाकल्यावर दुकानच येणार! गिऱ्हाईक ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असं शोधतं. त्यात दुकानातच उभं राहून शोधलेलं. गुगल अंतर बघतं, जवळचं आधी दाखवतं. मिरजेतल्या बहिणीला फोन करून शोधायला सांगितलं असतं तर तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. रात्री पडल्या पडल्या हे मनात आलंही होतं. तरी सकाळी पैसे पाठवले. अजून आठवलं की पोटात आग पडते.

‘पहिल्या नंबर’चे १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३,२४०. बिल कंपनीचं, यूपीआय मात्र कुणा बाईच्या नावावर. बिलावरचा जीएसटी क्रमांक पैसे द्यायच्या आधी पोर्टलवर टाकून बघा. मी नंतर टाकला, तो परराज्यातल्या भलत्याच धंद्याचा निघाला. वर ७,५०० ‘रिव्ह्यू पॅकेज’चे. गुगलवरच्या स्थानिक यादीत वरचा नंबर पैसे देऊन मिळत नाही, प्रोफाइलही फुकट असतं. जाहिरात वेगळी, तिच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं.

हात खराब म्हणून मोबाइल त्या पोराच्याच हातात दिला. त्यानं स्वतःच्या जीमेलला प्रोफाइलचा मालक करून घेतलं. कुणाला काम दिलंच तर फक्त व्यवस्थापक करा, मालक कधीच नाही. आठवड्याभरात ४३ पाच-तारे रिव्ह्यू आले, एकही माणूस ओळखीचा नाही. मग तासगावच्या एक टेलर ताई ओव्हरलॉक मशीन घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या, “काका, दुकान बंद केलं म्हणे?” प्रोफाइलवरचा नंबर बदललेला होता. फोन उचलणाऱ्यानं त्यांना दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला होता. पुढे खोट्या रिव्ह्यूंमुळे प्रोफाइलच निलंबित झालं. माझे खरे ६२ रिव्ह्यू, आठ वर्षांची मेहनत, सगळं दिसेनासं झालं.

पोलीस ठाण्यात गेलो. “पैसे तुम्हीच दिलेत, बिलही आहे, हा दिवाणी मामला.” दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा दोन तास बाकावर बसवलं आणि विचारलं, “एवढं शिकलेले दिसता, मोबाइल दिलातच कसा?” चोराला हा प्रश्न कोण विचारणार? बँक म्हणाली, व्यवहार तुमच्याच पिननं झालाय, आम्ही काही करू शकत नाही. म्हणजे चोरानं बिल फाडलं की चोरी उरतच नाही? एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाताना माझे सहा दिवस दुकान बंद राहिलं, तो हिशोब या २८,७४० मध्ये धरलेलाच नाही.

सोमवारी चौथ्यांदा जाणार आहे. बिल, यूपीआयच्या दोन्ही पावत्या, ताईंच्या मोबाइलमधला त्या नंबरचा स्क्रीनशॉट, सगळं फाइलला लावलंय. तुमचे पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. मी लाजेपोटी १९ दिवस थांबलो, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.