ऐरोलीची खाडीसफर: फ्लेमिंगो सोडा, ऑक्टोबरात जा

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोट सुटते तिचं तिकीट बहुतेक लोक थंडीत फ्लेमिंगोंसाठी काढतात, आम्ही यंदा मुद्दाम ऑक्टोबरात काढलं आणि मला विचाराल तर हाच सीझन भारी आहे. फ्लेमिंगो जवळपास नव्हतेच, बोटीतल्या एका फॅमिलीचा त्यावरून मूड गेला, पण चिखलातले छोटे पक्षी काय होते राव! टिलवे, तुतवार, चिखल्या, पाणटिवळे, सगळे उत्तरेकडून नुकते उतरलेले, काहींच्या छातीवर तर विणीच्या दिवसांतला विटकरी रंग अजून शिल्लक. थंडीत यातले बहुतेक राखाडी होतात आणि मग कोण कुठला ओळखताना डोकं फिरतं.

पण खरी गंमत भरतीची वेळ साधण्यात आहे. बोटीला पाणी हवं आणि पक्ष्यांना चिखल. ओहोटीला ते खाडीभर पांगतात, दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की चिखलाची पट्टी बारीक होत जाते, सगळे दाटीवाटीने तिच्यावर येतात, आणि शेवटी तीही बुडाली की थवा एकदम उठतो, वळताना पोटं पांढरी चमकतात, परत वळला की दिसेनासा. आमच्या समोर हे तीनदा झालं, बोटीत कोणी बोलतच नव्हतं. म्हणून भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधीची फेरी घ्या. फुल भरतीला गेलात तर तिवरांवर नि मच्छीमारांच्या खुंटांवर बसलेलेच काय ते दिसतील, बाकीचे मिठागरांच्या बांधांवर नाहीतर आतल्या तळ्यांवर गेलेले असतात.

वेळ काढायला आपला जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास भरती, ऊन कोवळं, उजेड मस्त. पौर्णिमेला भरती मोठी असते पण ती दुपारी, ऑक्टोबर हीटमध्ये भाजून निघाल. हिशोब ढोबळ आहे, बुकिंगआधी टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच.

दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी) पुरे, 10x हलत्या बोटीत नुसती थरथरते.

एक कळकळीची विनंती, फोटोसाठी बोट अजून जवळ न्या म्हणून मागे लागू नका. टिलवा जेमतेम 25-30 ग्रॅमचा, पार आर्क्टिककडून आलेला, भरतीचे दोन-तीन तास हीच त्याची विश्रांती, उठवलं की साठवलेली चरबी उगाच जळते. खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळालाय ते चांगलंच झालं, पण भरतीला हे पक्षी जिथे टेकतात ते बांध नि तळी बरीचशी खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या बाहेर आहेत, तीही राहायला हवीत, नाहीतर त्या दोन-तीन तासांत त्यांनी बसायचं कुठे?

माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि पुढच्या एकादशीचं बुकिंग झालंय, यावेळी आईला घेऊन जातोय.