मुखपृष्ठ कोणाकडे द्यावं: घरच्या घरी, डीटीपीवाल्याकडे की चित्रकाराकडे?

ठाण्याच्या नौपाड्यातले आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आठवणींचं पुस्तक स्वतःच काढतायत. डेमी आकार, १६० पानं, ३०० प्रती. मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, दोनदा वाचून झाली आणि आता गाडी अडलीय ती मुखपृष्ठावर. मुलगी म्हणते, मी कॅनव्हा या डिझाइनच्या अॅपवर करून देते. पुस्तकाची पानं संगणकावर जुळवणारा डीटीपीवाला म्हणतो, कव्हर आमच्याकडेच होईल, वेगळं कशाला? एक चित्रकार चित्र आणि अक्षरं दोन्ही करून द्यायला तयार आहे, पण त्याचे पैसे वेगळे. सरांनी विचारलं, कोणाला देऊ? मुद्रितं तपासायच्या कामात अशी बरीच पुस्तकं माझ्या हाताखालून गेलीत, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी अक्षरांचं बोलू, कारण बहुतेक कव्हरं तिथेच फसतात. चित्र साधं असलं तरी खपून जातं, पुस्तकाचं नाव नीट बसलं नाही तर काहीच खपत नाही. कॅनव्हावरचे बरेचसे तयार नमुने रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेले असतात. त्यात अक्षरं ऐसपैस सोडलेली असतात, ती इंग्रजीत शोभतात. तिथे मराठी नाव टाकलं की शिरोरेघ तुटते आणि एका शब्दाचे चार तुकडे होतात. दुसरं ओळींमधल्या अंतराचं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली काही नसतं, आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. वरच्या ओळीत ‘गुरुजी’ आणि बरोबर त्याखाली ‘दिवस’ आलं, तर ‘गु’चा उकार थेट ‘दि’च्या वेलांटीत घुसतो. तिसरं, अक्षरांना बाहेरून रंगीत किनार दिली की काही अॅपमध्ये प्रत्येक जोडावर उभी रेघ उमटते. मोबाइलवर ती दिसतही नाही, छापून आल्यावर मात्र तीच दिसते. आणि ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे आले, तर नेमकं काय खटकतंय ते वाचकाला सांगता येत नाही, पण खटकतं खरं. मुलगीच करणार असेल तर तिला एवढंच सांगा: अक्षरांमधलं अंतर शून्य, ओळींमधलं सढळ, किनार आणि सावली बंद. टिरो देवनागरी मराठी हा फॉण्ट फुकट मिळतो आणि मराठी वळणासाठीच केलेला आहे. जाड, ठसठशीत नाव हवं असेल तर ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ हे फॉण्ट.

डीटीपीवाल्याकडे हा त्रास कमी. जोडाक्षरं फुटत नाहीत, फाइल देताना तो अक्षरं कर्व्ह करतो, म्हणजे त्यांचे आकार करून टाकतो, मग छापखान्यात तो फॉण्ट नसला तरी बिघडत नाही, चार रंगांची छपाई त्याच्या रोजच्या सवयीची. घरी केलेल्या कव्हरचा स्क्रीनवरचा लखलखीत निळा छापताना जांभळट होतो आणि पोपटी मलूल पडतो, हे तो आधीच सांगेल. कडेने तीन मिलिमीटर ब्लीडही, म्हणजे कापताना जाणारा जादा रंग, न सांगता सोडेल. त्याची अडचण वेगळीच आहे: त्याला जागा मोकळी सोडवत नाही. मावळता सूर्य, त्यावर गुलाब, कोपऱ्यात लेखकाचा फोटो, नाव कमानीसारखं वाकवलेलं, त्याला सोनेरी छटा आणि खाली सावली. यात त्याचाही फारसा दोष नाही. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर आणि पुस्तक एकाच टेबलावर होतात, आणि गिऱ्हाईक ‘अजून थोडं भरा’ म्हणतं. त्याच्याकडे जाणार असाल तर काय नको याची यादी लिहून न्या.

चित्रकाराबद्दल मी तटस्थ नाही. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे, सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी यांची मुखपृष्ठं बघत आपल्याकडचा वाचक मोठा झालाय. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नुसत्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव उभा केला. ते वळण तयार फॉण्टमधून येत नाही. पण चुका इथेही होतात. चित्र कागदभर पसरतं, नावाला जागा उरत नाही आणि शेवटी ते चेहऱ्यावर किंवा झाडाच्या फांद्यांवर बसतं. किंवा अक्षरं इतकी नाजूक काढली जातात की गडद पार्श्वभूमीवर छापताना शाई आत भरते आणि ‘ष’चा ‘प’ होतो. म्हणून नावाची जागा आधी ठरवा, चित्र नंतर. चित्रकाराला निदान दोन प्रकरणं वाचायला द्या. चित्र पुढच्या आवृत्तीला, किंडलला, पोस्टरला वापरता येईल का, हेही तेव्हाच लिहून घ्या.

पैशांचा हिशेब नुसत्या आकड्याने करू नका. समजा चित्रकाराने ९,००० सांगितले. ३०० प्रतींवर ते प्रतीमागे ३० रुपये होतात, १,००० प्रतींवर ९. घरच्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना वाटायच्या शंभर प्रती असतील, तर घरीच करा: एकच रंग, मोठं नाव, चित्र नाही. गूगलवरून उचललेला फोटो तर नकोच, तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो.

मधला रस्ताही आहे आणि तो फार कोणी विचारत नाही: चित्रकाराकडून फक्त नावाचं अक्षरलेखन घ्यायचं आणि मांडणी डीटीपीवाल्याकडून.

कोणाकडेही द्या, पुस्तकाच्या पाठीकडे लक्ष ठेवा. आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ सालापासून चालू असलेल्या, कपाटासमोर उभे राहा. पाठीशिवाय दुसरं काय दिसतं? मी तपासलेल्या एका पुस्तकात कव्हर छापून आल्यावर लेखकाने ३२ पानं गाळली. म्हणजे सोळा कागद कमी झाले आणि पाठ दीडेक मिलिमीटरने बारीक झाली. पाठीचा लाल पट्टा पुढच्या पांढऱ्या कव्हरवर डोकावला, सगळ्या प्रतींवर, एकसारखा. कागद बदलला तरी जाडी बदलते, म्हणून छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि तिची पाठ मोजा. मागच्या बाजूला आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाच्या, बारकोडसाठी पांढरी जागा हवी आणि रेघा काळ्याच हव्यात. लाल रेघा स्कॅनर वाचत नाही.

मंजुरीसाठी आलेलं कव्हर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून घेऊ नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. मग खऱ्या मापात प्रिंट काढा आणि त्याची साधी काळी-पांढरी झेरॉक्स. झेरॉक्समध्ये नाव पार्श्वभूमीत विरघळलं तर रंगांचा मेळ चुकलाय. तेच कव्हर मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, कारण ऑनलाइन घेणारा ते साधारण तेवढंच बघतो.

सरांनी मधला रस्ता घेतलाय. अक्षरलेखनाचे तीन नमुने आलेत, दोनांत उकार शेपटासारखा लांबलाय, तिसरा त्यांना आवडलाय. मुलगी किंडलचं कव्हर करतेय, उंचीला २,५६० आणि रुंदीला १,६०० पिक्सेलचं. पाठीचं माप अजून कोणालाच दिलेलं नाही, कारण सरांना आणखी एक प्रकरण घालायचंय.