२८६ नोझल आणि पांढरी धूळ

आधीच सांगून टाकते, म्हणजे हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं. मी बँकेत नोकरीला आहे. आल्यागेल्या प्रत्येक आजोबांना "ओटीपी कुणाला सांगू नका, लिंक दाबू नका" असं दिवसातून दहा वेळा ऐकवते. आणि मीच माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत, भिंतीची गळती थांबवायला आलेल्या एका माणसाला १,२०,५०० रुपये दिले. लिंक नाही, ओटीपी नाही. माणूस समोर उभा होता आणि मी त्याला दोनदा चहाही दिला.

घर ठाण्यातलं, चरईतलं. नवऱ्याच्या आत्यांचं. त्या गेल्यावर अकरा वर्षं बंद होतं. तळमजला, त्यावर गच्ची, चौदा इंची विटांच्या भिंती, खाली शहाबादी फरशी, खिडक्या सागवानी पण त्यांवर ऑइलपेंटचे सात-आठ थर. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनीच कामाला हात घातला. शनिवार-रविवार आणि रोज संध्याकाळी दोन तास. रंग खरवडणं, फरशीचे सांधे पुन्हा भरणं, दारं रंधून बसवणं, पोपडे काढून गिलावा करणं, सगळं आम्ही केलं. मोरीच्या भिंतीला ओळंबा लावून दोनदा पाडून पुन्हा बांधली. रॅबिटच्या, म्हणजे तोडफोडीच्या मलब्याच्या, किती गोण्या बाहेर काढल्या ते माझी कंबर सांगेल. हे सगळं एवढ्यासाठी लिहितेय की "घरातलं काही कळत नसेल म्हणून फसले" असं कुणी म्हणू नये. कळत होतं. तेच तर झोंबतंय.

बाहेरच्या माणसाला द्यायची ठरलेली कामं दोनच: वायरिंग आणि गळती. वायरिंगवाल्याने चोख काम केलं, त्याचा विषय नाही.

मागच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत आणि तिला लागून असलेल्या दोन भिंतींचे कोपरे यांवर वरपासून खालपर्यंत जुन्या ओलीचे पिवळे-काळे डाग होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, आत्या असतानाही ती खोली पावसाळ्यात तशीच असायची. आम्ही नेटवर शोधलं. वॉटरप्रूफिंगवाला, ४.९ तारे, खाली भरभरून कौतुक. (आता ते कौतुक पुन्हा वाचलं. तीन जणांनी "अतिशय समाधानकारक व वक्तशीर सेवा" हे पाच शब्द जसेच्या तसे लिहिलेत. वक्तशीर तर तो होताच.)

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला. मराठी बोलणारा, पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, मला ताई, नवऱ्याला दादा. पाहणीचे ५०० रुपये. हातात ओल मोजायचं यंत्र, ते जिथे टेकवेल तिथे कुंई करायचं. एप्रिल महिना, बाहेर घामाच्या धारा, गच्ची तव्यासारखी तापलेली, आणि भिंत म्हणे आतून ओलीगच्च. या एका गोष्टीवर त्याला दाराबाहेर काढायला हवा होता. पण यंत्र ओरडलं की आपल्याला ते खरं वाटतं.

त्याने सांगितलं, पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउटिंग करावं लागेल. ही काही थाप नव्हे. तळघरांच्या, टाक्यांच्या काँक्रीटमध्ये भेग असेल तर भोकं पाडून नोझल बसवतात, दाबाने केमिकल आत सोडतात, ते पाण्याला लागलं की फुगतं आणि भेग बुजते. मी वाचलं, व्हिडिओ बघितले, खात्री केली. फक्त हे वाचलं नाही की ते व्हिडिओ काँक्रीटचे होते आणि आमची भिंत विटांची.

दर ४५० रुपये, एका नोझलला. "तिन्ही भिंती धरून साठ-सत्तर लागतील ताई." म्हणजे २७,००० ते ३१,५००. दुसऱ्याने चौरस फुटाने ४२,००० सांगितले होते, म्हणून हा स्वस्त. ज्याच्या हातात मोजणी, त्याच्याशी नगावर दर ठरवायचा नाही, हे मी आता कुणालाही रस्त्यात थांबवून सांगायला तयार आहे. सांधेदुखीवर पितळेच्या नळीने "घाण" ओढून काढणारे भोंदू असतात ना, एका थेंबाला इतके म्हणत म्हाताऱ्यांकडून हजारो नेणारे? तीच ही विद्या, फक्त गुडघ्याच्या जागी भिंत.

१५,००० आगाऊ दिले. क्यूआर कोड लावला तर नाव भलतंच आलं. "भावाचं अकाउंट आहे ताई, माझं लिमिट संपलंय." मी बँकेत, बरं का.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला अजून रात्री जाग येते.

कामाच्या दिवशी तो दोन पोरं घेऊन आला. मशीन सुरू झालं. मी झाडू आणि सुपली घेऊन मागे मागे, कारण ही फरशी मी स्वतः घासून घासून वर आणली होती. सुपली भरली, पोत्यात ओतली, पुन्हा भरली. धूळ पांढरट, राखेसारखी. सगळी. आदल्याच रविवारी नवऱ्याने त्याच खोलीत फळीच्या ब्रॅकेटसाठी भोकं पाडली होती, तेव्हा पहिल्या इंचानंतर धूळ लाल झाली होती. माझ्या केसांत, मानेवर, चहाच्या कपात लाल भुकटी. विटेची. चौदा इंची भिंतीत हे लोक सहा-सहा इंच भोक पाडतायत म्हणे, आणि लाल कण दिसत नाही.

बरं, मला दिसलं नाही असं नाही. मी विचारलं. मोठ्याने विचारलं, "लाल कशी नाही पडत हो?"

तो क्षणभरही थांबला नाही. "ताई, हा स्पेशल बिट आहे, विटेला धक्का न लावता जातो."

आणि मी मान हलवली. विटेला धक्का न लावता विटेत भोक! नवरा तेव्हा दुसऱ्या पोराला शिडी धरत होता. त्याने नंतर विचारलं, "तुला कळलं होतं तर बोलली का नाहीस?" बोलले होते, पण उत्तर ऐकून गप्प बसले. आपण सहा महिने थापी धरली म्हणून काय, हा रोजचं काम करणारा, याला जास्त कळत असेल, असं वाटलं. शिवाय समोर तीन पुरुष मशीन लावून उभे, आणि मी सुपली हातात घेऊन. त्या सुपलीत सगळा पुरावा होता आणि मी तो पोत्यात ओतत होते.

दुपारी चारला तो म्हणाला, "दादा, भिंत फारच खराब निघाली." नोझल झाले २८६. खालच्या ओळी आमच्यासमोर खडूने खुणा करत मोजल्या, वरच्या ओळी शिडीवरून त्यानेच मोजल्या आणि आकडा खाली ओरडून सांगितला. २८६ गुणिले ४५०, म्हणजे १,२८,७००. आमचे चेहरे बघून "घरचंच समजा" म्हणत १,२०,००० वर आला. बिल हवं तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर २१,६००. बिल नको असेल तर नको. आम्ही नको म्हणालो. इथे मला नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या घरच्या सगळ्या कामांची पक्की बिलं आधी दाखवावीत. ६०,००० त्याच क्यूआरवर आणि "पोरांना वाटायचे आहेत" म्हणून ४५,००० रोख. रोख आणायला नवरा एटीएमला गेला, तेवढ्या वेळात पोरांनी नोझलची टोकं कापून वरून व्हाइट सिमेंट फासलं. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड आलं: दहा वर्षांची गॅरंटी.

त्याने हिशोब केला असणार की जूनच्या मध्यापर्यंत कुणाला काही कळणार नाही. पण २०२५ चा पाऊस त्याच्यापेक्षा वक्तशीर निघाला. २६ मे रोजी मान्सून मुंबईत, ११ जून या नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. त्याच रात्री आमच्या मागच्या भिंतीवरून पाणी उतरलं. झिरपलं नाही, उतरलं. नव्या रंगाला फोड आले आणि व्हाइट सिमेंटचे ठिपके एकेक करून गळून पडले. फोन लावला. पहिल्या दिवशी वाजला, दुसऱ्या दिवसापासून बंद. कार्डावर वागळे इस्टेटमधल्या गाळ्याचा नंबर होता. भर पावसात गेलो. त्या ओळीत तेवढे गाळेच नव्हते.

गळती शेवटी काढली ती काकूंच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांनी भिंतीवर टिचक्या मारल्या, गच्चीवर गेले, माझ्याकडे कपड्यांची नीळ मागितली. बादलीभर पाण्यात नीळ कालवून पन्हाळीच्या तोंडात ओतली. आम्ही खाली भिंतीकडे बघत बसलो. दहा मिनिटांनी पश्चिमेच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक निळसर डाग उमटला आणि खाली ओघळला. गच्चीचं पाणी नेणारा जुना बिडाचा पाइप भिंतीतूनच गेला होता, त्याचा सांधा उघडला होता. बस, एवढंच. जुना पाइप बंद करून नवा बाहेरून टाकला. पाइप, सिमेंट आणि दोघांची दोन दिवसांची मजुरी धरून ६,८५० रुपये. मिस्त्री म्हणाले, "एप्रिलमध्ये गळती बघतात का बाई? गळती बघायची तर आधी पाणी सोडायचं." नीळ दहा-वीस रुपयांची येते, कुणाला ग्राउटिंग सांगण्याआधी ती ओतून बघा.

आता साहेबांकडे वळू.

ठाण्यात राहून पोलीस ठाण्याची पायरी कधी चढले नव्हते, या प्रकरणात पाच वेळा चढले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा साहेब होते, पण "गळती थांबली नाही हा गुन्हा कसा? दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, खोटा पत्ता, खोटी मोजणी, ही सरळ चारशेवीस आहे. तर मला दुरुस्त करण्यात आलं: चारशेवीस आता राहिलेलं नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, त्यात ३१८. म्हणजे कलमाचा नंबर तोंडपाठ, फक्त ते लावायचं नाही. तिसऱ्यांदा अर्ज घेतला. पोच द्यायला तयार नव्हते, तिथेच बाकावर पाऊण तास बसले तेव्हा शिक्का मिळाला. अर्ज दोन प्रतींत न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. "मॅडम, तुम्ही बँकेत ना?" हे प्रत्येकाने विचारलं. प्रत्येकाने.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. उत्तर आलं: पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. ज्या बँकेत त्या "भावाचं" खातं होतं तिथे गेले. माझ्याच धंद्यातली माणसं, त्यांचं उत्तर मला आधीच माहीत होतं: पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी त्या माणसाचं नाव-पत्ता आणा, मग गुन्ह्याचं बघू. पत्त्यासाठी एफआयआर हवा आणि एफआयआरसाठी पत्ता. ग्राहक हेल्पलाइन १९१५, तक्रार नोंदवली, नंबरही मिळाला, समोरच्या कंपनीचं नाव काय? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, कागद तयार आहेत, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. मला फसवलंय ते याच पत्त्याने. तो माणूस नंबर बदलून आज घोडबंदर रोडला नाहीतर ऐरोलीला कुणाच्या तरी भिंतीवर यंत्र टेकवत असेल, आणि ते कुंई करत असेल. हे कुणाला सांगायचं, त्याचा फॉर्म कुठल्याच खिडकीवर नाही.

पोलिसांनी एफआयआर नाहीच घेतला तर वरिष्ठांना टपालाने अर्ज पाठवता येतो. तो पाठवलाय, रजिस्टर एडीने, त्याची पावतीही जपलीय.

जुलैमध्ये आम्ही त्या तिन्ही भिंतींचा गिलावा स्वतः फोडला. नोझल बोटांनी निघत होते. एकही इंचभरापेक्षा आत नव्हता, विटेला एकाही ठिकाणी ओरखडा नाही. स्पेशल बिटबद्दल तो खोटं बोलला नव्हता म्हणायचं! सगळे रंगाच्या रिकाम्या बादलीत टाकत गेलो आणि शेवटी मी ते फरशीवर ओतून दहा-दहाचे ढीग करून मोजले, कॅश मोजते तसे. दोनदा मोजले. २०३. म्हणजे ८३ नोझल मुळात लावलेच नव्हते, त्यांचे ३७,३५० रुपये निव्वळ शिडीवरून ओरडल्याचे. ओरडणाऱ्याच्या मागून शिडी चढा, अंगाला धूळ लागली तर लागली.

पाचव्यांदा गेले ते ती बादली घेऊन. पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. हवालदाराने आत डोकावून बघितलं, एक नोझल उचलून फिरवला, परत टाकला आणि म्हणाला, "मॅडम, हे इथे ठेवू नका, हरवलं तर आमच्यावर येईल."

बादली दाराशी आहे. ज्यांना नमुना बघायचाय त्यांनी येऊन बघावा, आत केमिकलचा एक थेंबसुद्धा नाही.